मधले दोनशे मीटर

एकमताने घेतलेला निर्णय कधी चुकत नाही, अशी गावकीची श्रद्धा आहे. चुकलाच तर तो सगळ्यांचा मिळून चुकतो, त्यामुळे बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न उरत नाही.

पोलादपूरच्या डोंगरातल्या या गावाला दोन वाड्या, खालची आणि वरची. डांबरी रस्ता खालच्या वाडीच्या पायथ्याशी संपतो. पुढे वरच्या वाडीपर्यंत सहाशे मीटर दगडधोंड्यांची चढण. भरतची आई रंगूबाई वरच्या वाडीत राहते आणि तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला महाडला न्यावं लागतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून चौघे तिला डांबरीपर्यंत उतरवतात. वरचे दोघे, म्हणजे भरत आणि गणू, आणि खालचे दोघे.

एका वर्षी या चढणीसाठी दोनशे मीटर काँक्रीट मंजूर झालं. खालून सुरू केलं तर जीप तेवढी तरी वर येणार, हे भरतला दिसत होतं. खालची वाडीही तेच म्हणत होती. वरच्या वाडीचं म्हणणं, एकदा यांच्या दारात गाडी लागली की आपल्याकडे कोण बघतो, तेव्हा वरून सुरू करा. देवळात तीन बैठका झाल्या. बचत गटातल्या तुळसाने मतदान सुचवलं, तर तिला समज देण्यात आली की मतदानाने गावात फूट पडते.

भरत तिन्ही बैठकांत गप्प होता. खालच्यांची बाजू घेतली तर गणू बांबूला हात लावणार नव्हता, वरच्यांची घेतली तर खालचे दोघे.

चौथ्या बैठकीला मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष किशोरदादा व्हिडिओ कॉलवर आले. फोन नारळाला टेकवून उभा केला होता.

"सिंपल हाय," ते म्हणाले. "मधून चालू करा. वर दोनशे सोडा, खाली दोनशे सोडा. दोघांना सेम टू सेम. लफडाच नाय."

कुणालाच जास्त मिळत नव्हतं, ही गोष्ट सगळ्यांना एकदम पटली. गावकीचे म्हातारे पुढारी गोमाजी भरतकडे वळले. "तू बोल रे. अडचन तुझ्या आयशीची हाय."

"पन गाडी मधी चढंल कुठून?"

"ता फुडच्या निधीत बघू. तुझा इरोध हाय काय?"

भरतने गणूकडे पाहिलं, मग खालच्या दोघांकडे.

"इरोध नाय," तो म्हणाला.

घरी रंगूबाईने काय ठरलं ते विचारलं. त्याने सांगितलं. तिने सुजलेली पावलं गोधडीखाली ओढून घेतली.

"आनी कोन काय बोलला नाय?"

"कोन नाय गो."

मे महिन्यात सिमेंटच्या गोणी डोक्यावरून वाहून काम पुरं झालं. नारळ फुटला, फोटो मुंबईला गेले. त्या दोनशे मीटरवर आजवर एकही चारचाकी गेलेली नाही.