तिसरा पुकारा

“हरकत-सूचना कुणाची आहे काऽऽ?”

जिन्याच्या तोंडाशी उभं राहून भोंग्याने दुसरा पुकारा केला आणि पाठोपाठ तो खोकला. खाली दारातल्या मांजराने तेवढी मान वर केली.

सरकारी खात्याला नवा नियम करायचा, तर आधी मसुदा लावायचा, लोकांना बोलवायचं, शिपायाने तीनदा पुकारायचं आणि मग दार लावायचं, ही जुनी रीत. या शिपायाला भोंगा हे नाव त्या आवाजापायीच पडलं. एके काळी काय गर्दी व्हायची! बेकरीवाले, होडीवाले, रिक्षावाले. बाकं पुरायची नाहीत. तावातावाने भांडायचे आणि जाताना भोंग्यालाच विचारायचे, “ऐकलं ना रे आमचं?” तोही बेधडक “ऐकलं, ऐकलं” म्हणायचा, जसा काही साहेब तोच.

आजचा मसुदा दोन ओळींचा होता. यापुढे समोरासमोर सुनावणी नाही, हरकती फक्त संगणकावरून. त्यावर बोलायला चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

“काका, उरका आता तिसरा,” आतून मॅडम म्हणाल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण माणूस लाख.

भोंगा हलेना. तिसऱ्या पुकाऱ्यानेच तर त्याचा संसार उभा केला होता. तरुणपणची गोष्ट. अंधार पडल्यावर फुटपाथवर विकायला बसू नये, असा नियम येत होता. त्यावर बोलायला सुया-दोरे विकणारी एक मुलगी धापा टाकत जिना चढताना त्याला दिसली. पुकारा संपला की दार बंद. भोंग्याने तो ‘काऽऽ’ असा काही ताणला, की ती आत पोचेपर्यंत सोडलाच नाही. नियम बदलला. पुढे लग्न झाल्यावर ती चिडवायची, “आणखी चार पायऱ्या असत्या, तर लग्नाआधीच विधवा झाले असते मी!” ती गेली आणि घरात त्याला भोंगा म्हणणारं कुणी उरलं नाही.

त्याने तिसरा पुकारा केला. तसाच ताणला, दम संपेपर्यंत. जिना रिकामाच राहिला.

मग तो आत आला. बिल्ल्याचा पट्टा काढून बाकावर ठेवला आणि लाकडी कठड्यापाशी, लोक उभे राहत तिथे, जाऊन उभा राहिला.

“माझी हरकत आहे.”

“अहो काका, तुम्ही खात्याचे!”

“म्हणून तर पट्टा उतरवला. मॅडम, जिना चढणारा माणूस दिसतो तरी. त्या संगणकात कुणी धापा टाकत आलं, तर त्याच्यासाठी थांबणार कोण?”

मॅडमनी समोरचा कागद ओढला. मग त्यांनी पेन उचललं. “लिहून घेते. पण रीतीप्रमाणे आधी नावाचा पुकारा व्हायला हवा.”

पुकारणारं दुसरं होतं कोण? भोंगा दाराकडे वळला. जन्मभर लोकांची नावं पुकारली. आईबापांनी ठेवलेलं स्वतःचं नाव त्याने त्या जिन्यात आज पहिल्यांदा सोडलं, अगदी खड्या आवाजात. खालचं मांजर पळालं.

तो परत फिरला आणि कठड्यावर हात ठेवला. त्या दिवशी ती इथेच उभी होती.

“हजर,” तो म्हणाला.