गुलचेहराच्या तुतीची खबर

मित्रांनो, मी ताश्कंदच्या एका मोहल्ल्यातला जुना बगीचा आहे. एका पत्राचे उत्तर मी सहा वर्षे दिले नव्हते. त्याचे कारण मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

पत्र गुलचेहराचे होते. लहानपणी आजोबांबरोबर तिने माझ्या कोपऱ्यात तुतीचे रोप लावले होते. पुढे ती घरच्यांबरोबर दूरदेशी गेली. तिचे पत्र आमच्या पोस्टवाल्या मुकर्रम-ओपांनी, म्हणजे मुकर्रमताईंनी, बाकावर बसून मला वाचून दाखवले : "बगीचेदादा, माझी तुती कशी आहे? खोटं सांगू नकोस."

तुती तेव्हा वाळू लागली होती.

पूर्वी माझ्यातून उघडा पाट वाहत असे. म्हातारे त्याच्या काठी चहा पीत बुद्धिबळ खेळत. उन्हाळ्यात मुले तुतीखाली चादर धरून फांद्या हलवत. मग लग्नाचे फोटो काढायला येणाऱ्या नवरीमुलींचे कपडे चिखलात मळू नयेत म्हणून लोकांनी पाटावर चकचकीत फरशी घातली. "काय नटलाय!" असे सगळे म्हणत. मीही सुखावलो, हे कबूल करतो. खाली पाट गाळाने बुजत गेला. बुंध्यांना चुना मात्र दर वसंतात न चुकता लागे.

यंदा हशारचा दिवस आला. त्या दिवशी सारा मोहल्ला मिळून काम करतो आणि मोठ्या कढईत पुलाव शिजतो. मोहल्ल्यातले सोबिर-अका, म्हणजे सोबिरदादा, करवत घेऊन तुतीकडे आले. मुकर्रम-ओपा बुंध्याला टेकून बसल्या.

"उठा ओपा, झाड मेलंय."

"मेलंय? सहा वर्षं त्याला चुना लावताय. पाणी कोण पाजणार, तुझा सासरा?"

"पाणी... फरशीखाली असेल की."

"असेल? बघितलंस? ठेव ती करवत, पहार आण!"

"आधी पुलाव तरी खाऊ द्या."

"आधी फरशी!"

सगळे हसले, सोबिर-अकाही. फरशी उखडली, टोपल्या भरभरून गाळ निघाला. संध्याकाळी पाणी मुळांशी पोचले.

अर्धे झाड गेलेच. उरलेल्या अर्ध्याला मे महिन्यात पाने फुटली, जूनमध्ये थोडी फळे धरली. ओपांनी ती चादरीवर वाळवली.

मित्रांनो, आम्हाला नटवा, पण आधी मुळांशी पाणी पोचते ना, तेवढे वाकून बघा.

"काय लिहू रे?" ओपांनी मला विचारले. शेवटी त्यांनीच लिहिले : "अर्धी वाचली. फळं गोड आहेत. ये."

मग मूठभर सुक्या तुतींसह ते पत्र पाकिटात घालून त्यांनी आज माझ्या फाटकाजवळच्या टपालपेटीत टाकले.