मांडीवरचं तिकीट

बकलच्या फटीत अडकलेला बिस्किटाचा तुकडा हेअरपिनने निघेल असं तिला वाटलं होतं, पण तो निघायच्या ऐवजी आणखी आत गेला — आणि आता बकल लावताना 'खट्' असा आवाज यायचा तो 'खप्' असा येत होता, म्हणजे लागलं की नाही लागलं, कळायला मार्ग नाही. तिने पट्टा ओढून पाहिला. लागलं होतं. सोडून, पुन्हा लावून, पुन्हा ओढून पाहिला... लागलंच होतं. सकाळच्या घाईत, गॅसवर दूध ठेवलेलं असताना, आपण जमिनीवर फतकल मारून मुलीच्या गाडीतल्या सीटचं बकल तपासत बसलो आहोत हे तिच्या लक्षात आलं ते दूध उतू गेल्याच्या वासाने.

"म्हणजे हिला विमानात न्यायचं ठरलं तर," नवऱ्याने गॅस बंद करत विचारलं. 'हिला' म्हणजे सीटला. ज्या मुलीसाठी ती सीट होती ती कोपऱ्यात बसून चपलेचा अंगठा चोखत होती.

"ठरलं नाहीये. संध्याकाळपर्यंत सांगायचंय ना एजंटला?"

"अगं, मांडीवर बसेल ती. दोन वर्षांच्या आतली सगळी पोरं मांडीवरच जातात. आणि विमान काय सिग्नलला कचकन ब्रेक मारतं का?"

"मांडीवर नेता येतं, एवढंच म्हणतात ते. नेलंच पाहिजे असं नाही म्हणत."

"बरं बाई," तो म्हणाला आणि ओटा पुसायला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं.

विमान पुढच्या आठवड्यात होतं. तिच्या आईकडे जायचं, तीन तासांचा प्रवास, खिडकीकडच्या दोन जागा आणि शेंगेचं मांडीवरचं तिकीट — तिकीट कसलं, आईच्या नावाखाली छापलेली एक बारीक ओळ. (जन्मली तेव्हा लांब आणि किडकिडीत होती म्हणून शेंग. आता ती शेंगेसारखी मुळीच राहिली नव्हती, उचलताना कंबर धरायची, पण नाव पडलं ते पडलं.) शेजारची तिसरी जागा एजंटने आजच्या दिवसापुरती धरून ठेवली होती. ती घेतली तर गाडीतली सीट तिच्यावर बांधून शेंगेला त्यात बसवता येणार होतं. विमानात चालेल असं सीटच्या मागच्या लेबलवर लिहिलेलं होतं, रुंदी तिने टेपने मोजली होती, ती बसत होती. तेव्हा घोडं कशातच अडलेलं नव्हतं. फक्त तिचं ठरत नव्हतं.

आईने तर फोनवर हसूनच वेळ मारून नेली होती. "तुला मांडीवर घेऊन मी बसने किती हिंडले, माहितीये? खिडकीतून अर्धी बाहेर असायचीस तू. काय झालं तुला?" "काही नाही झालं." "मग?"... त्या 'मग'ला उत्तर नव्हतं असं नाही. ज्यांना काही होत नाही तेच मागाहून सांगायला उरतात, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण आईशी असं बोलत नाहीत, आणि आई तर बिचारी शेंग येणार म्हणून घरातल्या टेबलांच्या कडांना फडकी बांधत बसली होती.

दवाखान्यात जाताना बसमध्ये उभी असताना तिने दांडा धरला होता. ब्रेक लागला तेव्हा ती पुढे झुकली आणि सवयीने स्वतःचा हात पाहत राहिली — बोटांची पेरं कशी पांढरी पडतात, अंगठा कसा वळून बाकीच्या बोटांवर येतो. तिचं कामच ते. हातांची फिजिओथेरपिस्ट. मोडलेली मनगटं, शिवलेल्या नसा, आखडलेली बोटं. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात तिच्या हातात असतो. लोक म्हणतात, आईच्या हातांइतकी सुरक्षित जागा नाही. म्हणू देत. माझ्याकडे पकड मोजायचं यंत्र आहे. भरभक्कम माणसाची पकडही थोड्या वेळात कशी उतरत जाते, सुई कशी मागे मागे येते, ते मी रोज पाहते. आणि धक्का बसला की अंगावरच्या पोराचं वजन पोराएवढं राहत नाही, ते कितीतरी पटींनी... विमान एकदम खाली जातं, शेंग माझ्या मांडीवर झोपलेली, माझे दोन्ही हात तिच्याभोवती, बोटं एकमेकांत गुंतवलेली, आणि ती बोटं सुटताना मला दिसतात, एक एक करून नव्हे, सगळी एकदम. तिने दांडा दुसऱ्या हातात घेतला. शेजारचा माणूस तिच्याकडे पाहत होता, कारण तिचे ओठ हलत होते.

पहिल्या पेशंट हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी दवाखान्यात शिरल्या की काउंटरवरची मुलगी उठून उभी राहायची. न्हाणीघरात पडून मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं होतं, आता बोटांत जोर आणायचा होता.

"दाबा. आणखी. आणखी... सोडा."

"लक्ष नाही तुमचं आज. मी केव्हाच सोडलंय."

"आहे हो लक्ष."

"माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं. काय झालंय?"

तिने सांगितलं. का सांगितलं कोण जाणे; हल्ली ती कुणालाही सांगत सुटली होती, वाण्याला, काउंटरवरच्या मुलीला, लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला, आणि प्रत्येकजण आपलं मत असं देत होता, जणू ते खिशात तयारच होतं. हेडबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आईची मांडी ती आईची मांडी. त्या प्लास्टिकला काय माया असते?"

"तुम्ही तुमच्या मुलांना..."

"मला मूलबाळ नाही. पण मी सांगतेय ना."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू येईल की काय असं वाटून तिने खाली वाकून उगीचच पिशवीतून रबरी चेंडू काढला. हेडबाई गेल्यावर तिने ते पकड मोजायचं यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. दाराकडे पाठ केली. दाबलं. जीव खाऊन दाबलं. सुई जिथे गेली तिथे तिने क्षणभर पाहिलं आणि कुणाला दिसू नये म्हणून पटकन शून्यावर आणली. आकडा वाईट नव्हता. तिच्या वयाच्या, तिच्या बांध्याच्या बाईला शोभेल असाच होता. पण चांगला आकडा पाहून धीर येतो तसा तो आला नाही, उलट तिला फसवल्यासारखं वाटलं — कमी भरला असता तर तो नवऱ्याला दाखवता आला असता.

दुपारी मधला एक पेशंट आलाच नाही. पेशंटचे हात शेकायचं मेणाचं भांडं तापलेलं होतं, वितळलेलं मेण वर काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, आणि काउंटरवरची मुलगी डबा खायला निघता निघता म्हणाली, "मॅडम, फुकट जातंय. आज तुम्हीच पेशंट व्हा." त्या मुलीला ही असली लाडीगोडी छान जमायची. एरवी तिने उडवून लावलं असतं. आज तिने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत मेणात बुडवले, बाहेर काढले, थांबली, पुन्हा बुडवले... एकावर एक थर बसत गेले, बोटांमधल्या रेघा बुजत गेल्या, अखेर हातांच्या जागी दोन पांढरे, गुळगुळीत, निरुपयोगी गोळे उरले. मुलीने त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, टॉवेल गुंडाळले, आणि पंखा लावून ती निघून गेली.

ऊब आधी कातडीला लागली. मग आत उतरली, सांध्यांत, जिथे ती रोज दुसऱ्यांना सांगते की उतरेल. तिने खुर्चीला डोकं टेकलं. टेबलावरचा फोन थरथरायला लागला, नवऱ्याचा होता, एजंटबद्दलच असणार — आणि तिला तो उचलता येत नव्हता. उचलायचाच म्हटलं असतं तर उचलता आला असता, मेण काय लोखंडी असतं का... पण येत नव्हता. फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकली होती. एक कावळा गादीवर उतरला, चार पावलं चालला, उडाला. किती दिवसांत मी असं नुसतं काही पाहिलं नव्हतं. पाहायचं, आणि पाहताना एका हाताने काही धरलेलं नाही, दुसऱ्याने काही पुसत नाही, कुणी दंडाला लोंबकळलेलं नाही, केस ओढत नाही, तोंडात बोट घालत नाही. मांड्यांवर माझेच दोन हात, जड आणि गरम आणि कशाच्याही कामाचे नाहीत. मला बरं वाटतंय. इतकं बरं, की...

की विमानात असंच बसता येईल.

तो विचार असा सहज आला, जणू दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून तिच्याकडे आला होता. खिडकीकडे मी. मधे नवरा... नाही, खिडकीकडे सीट आणि सीटमध्ये शेंग, पट्ट्यांनी बांधलेली, मग मी, आणि माझे हात रिकामे. तीन तास. ढग. शेंग रडेल. रडू दे, बांधलेली आहे, काढायची नसते, नियम आहे. — तिने डोळे उघडले. मेण थंड होऊन आकसायला लागलं होतं आणि हातांना बारीक घट्टपणा जाणवत होता. म्हणजे हे होतं तर. धक्के, वजन, सुटणारी बोटं, लेबल, टेप... कारणं सगळी खरी होती. पण महिनाभर मी ती सगळ्यांच्या तोंडावर फेकत होते ती कशासाठी? माझी पोरगी तीन तास माझ्या अंगावर नसावी यासाठी. तिला लाज वाटली, कान तापेपर्यंत वाटली. मेण एका झटक्यात सोलून निघतं, मोज्यासारखं. तिने दातांनी टॉवेल ओढला, पिशवी फाडली आणि ते दोन्ही मोजे परत भांड्यात टाकून दिले.

मग तिने उलट फोन लावला. "कुठे होतीस?" नवरा म्हणाला. "ऐक, मी विचार केला. तुझंच बरोबर आहे. उगाच जिवाला घोर नको. तिसरी जागा घेऊन टाकू, सीटचं वजन काय, मी उचलेन. त्याला सांगून टाकतो."

"थांब."

"म्हणजे?"

"मी घरी आल्यावर सांग त्याला."

"अगं, सकाळपासून तूच तर..."

"हो, मीच. पण थांब जरा."

तो 'बरं' म्हणाला. त्याचं ते 'बरं' दिवसभरात दुसऱ्यांदा तिच्या छातीत रुतलं, कारण हा माणूस तिला भित्री समजत होता, आणि भित्री समजून सांभाळून घेत होता, आणि ती भित्री नव्हती, ती... त्यासाठी तिला शब्द सापडेना. कंटाळलेली? दमलेली? दमलेली म्हणावं तर सगळ्याच दमतात, त्यात काय मोठंसं. मग आता मांडीवरच घ्यावं का, शिक्षा म्हणून? आणि नेमकं त्याच दिवशी, नेमकं त्याच विमानात... पुन्हा ती बोटं सुटताना दिसली. खरी भीतीही तिथेच होती, जागची हलली नव्हती, फक्त आता तिच्याआडून आणखी कुणीतरी डोकावत होतं, आणि दोघींतली कुठली बोलते आहे ते ओळखू येत नव्हतं. दुपारचे पेशंट तिने कसे केले ते तिचं तिला माहीत.

घरी आली तर नवऱ्याने सीट जेवणाच्या खुर्चीवर बांधून तयार ठेवली होती. "तालीम करू," तो म्हणाला. "अंदाज येईल." दुसरी खुर्ची त्याने शेजारी लावली, तिच्यासाठी. ती पर्स न काढताच बसली. त्याने शेंगेला उचलून सीटमध्ये ठेवलं, खांद्यांवरून पट्टे घेतले, बकल लावलं आणि विमानासारखा आवाज काढत स्वयंपाकघरात गेला, कुकर लावायचा होता.

शेंगेला आधी मजा वाटली. मग आई शेजारी बसली आहे आणि घेत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिने दोन्ही हात वर केले. "घे."

"विमानात आहोत आपण, सोनू. विमानात बसायचं असतं."

"घे. घे."

दोन हात, दहा बोटं, सगळी ताणलेली. घ्यावंसं वाटलं, छातीपासून दंडांपर्यंत वाटलं, बकलकडे हात निघालाही... आणि तिने तो मांडीवर परत ठेवला. पाहू तर. प्रवासात काढता येणार नाही, तेव्हा पाहूच. शेंग रडायला लागली, तोंड लाल करून, पट्ट्यांत मुरगळत. ती बसून राहिली. आपण काय तपासतो आहोत, पोरीला की स्वतःला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. आतून कुकरचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि तो ओरडला, "मग? सांगू ना त्याला? वाट बघतोय तो."

ती 'सांग' म्हणणार होती. किंवा 'नको' म्हणणार होती. पण तेवढ्यात शेंगेचं रडणं थांबलं — कुणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. तिने एक हुंदका गिळला, डोकं मागे टेकलं, हात खाली आले आणि पायातला मोजा ओढायच्या उद्योगाला लागले. मोजा निघत नव्हता. तिला त्याची घाई नव्हती. आई शेजारी आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"काय गं? ऐकलंस का?"

ऐकलं होतं. खोली अगदी शांत झाली होती, दुपारभर हवी होती तितकी शांत. हात मांडीवर होते, रिकामे, आणि त्यांचं काय करावं हे तिला कळेना. ती शेंगेकडे पाहत राहिली — एकदा, एकदाच, तिने परत 'घे' म्हणावं म्हणून.