बस वळेना

सातपूरच्या पलीकडे नव्याने वसलेल्या कॉलनीत पहिली सिटीबस आली आणि शेवटच्या कोपऱ्यावर अडकली. हा मार्ग आखणारी निकिता खाली उतरली. दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या!

"गाड्या काढा, म्हणजे बस वळेल," ती वैतागून म्हणाली.

"बस नव्हती म्हणूनच तर गाड्या घेतल्या, मॅडम. आधी रोज येऊ तर द्या," तिथे राहणारा प्रफुल्ल म्हणाला.

निकिताने कपाळावर हात मारला. बस तशीच परत गेली, तर मार्गच रद्द होणार होता. मग तिने दारोदार बेल वाजवून एकेकाला चावीसकट खाली आणलं. कुरकुरत का होईना, गाड्या हलल्या. बस वळली आणि कंपनीत निघालेल्या बायका लगबगीने चढल्या.

"उद्या काय करायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"उद्याही यायचं," निकिता धापा टाकत म्हणाली, "आणि कॉलनीत शिरल्यापासूनच हॉर्न वाजवायचा!"