बाभळीच्या बियांचं पत्र

अंगारकीला राजूरच्या गणपतीला माणसं नारळ घेऊन येतात. यंदा निम्मी माणसं पुखराज शेठच्या भांड्यांच्या दुकानात कढया घेऊन आली. नव्या नव्हेत हो, वापरलेल्या! बुडाला बोटभर काजळी, कुणाचा कान तुटलेला. एका बाईनं तर आतली भाजीची खरपुडी तशीच ठेवून कढई काउंटरवर आदळली आणि म्हणाली, "पसंत न्हाई पडली. पैसे द्या."

झालं होतं असं. शेठचा नातू नमन गावातल्याच कॉलेजात बी.कॉम. करत होता. आजोबांनी त्याला सांगितलं, सणासुदीचं एक पत्र लिही आणि जुन्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर धाड. नमननं ते काम एआयला सांगितलं. एआयनं अर्ध्या मिनिटात झकास पत्र लिहून दिलं आणि या पठ्ठ्यानं न वाचताच ते सहाशे जणांना पाठवलं. त्यात मधेच एक ओळ होती, माल पसंत न पडल्यास वर्षभरात कधीही परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. भांड्याच्या धंद्यात असलं वचन शेठच्या सात पिढ्यांत कुणी दिलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोराची चूक झाली, जा घरी. पुखराज शेठ तसले नव्हते. "कागदावर दुकानाचं नाव हाय ना? मंग कागद माझाच," असं म्हणून त्यांनी एकूण एक कढई परत घेतली. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ते तडक कॉलेजात गेले. संस्थेच्या कमिटीवर होते ते, त्यामुळे प्राचार्य अण्णासाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. रितिका मॅडमला बोलावणं गेलं.

रितिका कॉलेजात व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवायची. जूनपासून तिनं शनिवारी एक जादा वर्ग सुरू केला होता, धंद्याच्या कामात एआय जबाबदारीनं कसा वापरायचा याचा. त्या वर्गासाठी तिनं वर्षभर अर्ज केले होते, टेबलाटेबलावर डोकं आपटलं होतं. आणि नमन त्याच वर्गातला! बोंबला!

"हे पोरांना तूच शिकवती ना, बेटा?" शेठनी विचारलं.

"हो काका, मीच."

"मंग काय शिकवलं? सहाशे घरी खोटं बोलून आला माझा नातू, अन् त्याला खबर न्हाई!"

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. "मी नोटीसच काढतो. सोमवारपासून कॉलेजात एआय बंद. शनिवारचा वर्गही बंद."

इंग्रजीतलं एक धड पत्र लिहिता येत नाही म्हणून रितिकाची हुशार हुशार पोरं मुलाखतीतून हात हलवत परत आलेली तिनं पाहिली होती. आत्ता कुठं त्यांच्या हाताला काही लागत होतं. तिला रागच आला.

"बंद करून पोरं थांबणार आहेत का, सर? घरी जाऊन करतील आणि परत न वाचताच धाडतील." आवाज जरा चढलाच तिचा. "मला एक संधी द्या. खरंखुरं धंद्याचं पत्र पोरं लिहितील, एआय वापरूनच लिहितील. त्यात एक ओळ जरी खोटी निघाली, तर वर्ग मी माझ्या हातानं बंद करीन."

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी सौदा तिथंच पक्का केला. "नुसतं खरं असून भागत न्हाई. सौदाबी झाला पायजे. खरं बोलून गिऱ्हाईक पळालं तर ते पत्र काय चाटायचं? दिवाळीपर्यंत वेळ देतो."

"चालेल," रितिका म्हणाली.

पत्र सापडलं छकुलीच्या घरी. छकुली वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिची माय बायनाबाई आणि वस्तीवरच्या आणखी सहा धनगर बायका मेंढरांचं लेंडीखत गोण्या भरून विकायच्या. हैदराबादजवळच्या एका मोठ्या नर्सरीला असलं खत हवं होतं, पण मालाची सगळी माहिती इंग्रजीत लिहून पाठवायची होती. वस्तीवर इंग्रजी कुणाला येतंय! छकुली आणि नमननं मिळून पत्र तयार केलं. नमन आता वरमलेला होता, चूक धुऊन काढायला जीव तोडून बसला होता. एआयनं दीड पानाचं असं तालेवार इंग्रजी लिहून दिलं की वाचणाऱ्याला वाटावं, बायनाबाईची मेंढरं सुटाबुटात हिंडतात.

"छान आहे," रितिका म्हणाली. "आता चला वस्तीवर. पत्र जिच्या नावानं जाणार, तिला एकेक वाक्य मराठीत सांगायचं. ती 'बराबर' म्हणाली तर वाक्य राहील, नाहीतर जाईल."

बायनाबाई एका कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. नमननं सुरुवात केली, "मावशी, पहिलं वाक्य. आमचं खत प्रयोगशाळेत तपासलेलं आहे."

"कुणी तपासलं? कवा?"

नमननं वाक्य खोडलं. "आम्ही वर्षाचे बारा महिने माल पुरवू."

"काय बोलतो रे, बाबा! दिवाळी झाली की मेंढरं चरायला जातात, मिरगाला माघारी येतात. मधले सात महिने लेंड्या काय म्या टाकू?"

सगळी वस्ती हसली. रितिकालाही हसू आवरेना. दुसरंही वाक्य गेलं.

"आमच्या खतात कसलंही बी नसतं."

"अन् बाभळी?" बायनाबाईनं बाटली बाजूला ठेवली. "मेंढरं शेंगा खातात, बी तसंच पडतं. उद्या त्या माणसाच्या कुंडीत बाभूळ उगवली तर तो शिव्या मला घालंल का त्या मोबाईलला? लिव्ह, बाभळीचं बी असतंय म्हणून."

नमननं पेन थांबवलं. "मावशी, हे लिहिलं तर तो माणूस माल घेणारच नाही. नर्सरीवाला आहे तो!"

सगळ्यांनी रितिकाकडं पाहिलं. आणि खरं सांगायचं तर रितिकाही डळमळली. सौदा झाला पाहिजे, ही शेठची अट होती. 'बी नसतं' हे वाक्य काढून टाकलं आणि बाभळीचंही काहीच लिहिलं नाही, तर ते खोटं थोडंच ठरणार होतं? कुणाला कळणारही नव्हतं. तिचा वर्ग वाचला असता. एवढा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"लिहा," ती म्हणाली.

"उपावबी सांगते की," बायनाबाई म्हणाली. "ढिगावर पानी मारायचं, पंधरा दिस ठिवायचं. बी तिथंच उगवतं. मंग ढीग पलटी करायचा, दोनदा. अन् त्याला सांग, पावसाळ्यातला माल वलसर असतो, वजनावर घेऊ नको, गोणीवर घे. न्हाईतर पान्याचे पैसे देशील."

मग रितिकानं छकुलीच्या हातात मोबाइल दिला. "आता एआयला सांग, आम्ही दिलेल्या माहितीबाहेरचं एक अक्षरही घालू नकोस. जे माहीत नाही ते आम्हाला विचार."

छकुलीनं तसं लिहिलं. आणि काय गंमत! मघाशी बढाया मारणारा एआय आता निमूटपणे प्रश्न विचारू लागला. गोणीत किती किलो बसतं? कोणत्या महिन्यात किती गोण्या मिळतील? गाडीत भरून कोण देणार?

"मॅडम, हे तर बराबर इचारून राह्यलं!" छकुली ओरडली. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. माय उत्तरं देत गेली, लेक लिहीत गेली. नमननं मागच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर दाखल्यासाठी घालायचं सुचवलं, तर छकुलीच म्हणाली, "त्यांना न इचारता? बिलकुल न्हाई." दीड पानाच्या जागी सतरा ओळी उरल्या. खाली अठरावी ओळ छकुलीनं आपल्या मनानं घातली, भाषेसाठी एआयची मदत घेतली आहे, मजकुराची जबाबदारी आमची आहे. तिनं अठराच्या अठरा ओळी परत मराठीत सांगितल्या, बायनाबाईनं अठरा वेळा मान डोलावली, आणि पत्र गेलं.

पुढचे बारा दिवस उत्तर नाही. अण्णासाहेबांनी नोटीस टाइप करून ठेवली होती, फक्त तारीख घालायची बाकी होती. रितिका रोज छकुलीला विचारायची, छकुली रोज मान हलवायची. स्टाफरूममध्ये एक जण म्हणालाही, "मॅडम, आपल्याच मालाची बदनामी आपणच करायची, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?" दिवाळीला पाच दिवस उरले.

शनिवारी सकाळी कॉलेजच्या फाटकात तेलंगणाची पाटी असलेली मोठी गाडी उभी राहिली. पुढच्या सीटवरून कोण उतरावं? बायनाबाई! तिच्यामागून एक जाडजूड गृहस्थ उतरले, हातात तेच पत्र. नर्सरीचे मालक रामराव आधी वस्तीवर जाऊन आले होते, आणि तिथून बायनाबाईला सोबत घेऊन आले होते. बातमी अशी पसरली की पाच मिनिटांत अण्णासाहेब व्हरांड्यात आणि दहा मिनिटांत पुखराज शेठ दुकान सोडून हजर.

"ये बबूल वाली बात किसने लिखवाई?" रामरावांनी विचारलं.

रितिका पुढं झाली. "इन्होंने बताई. लिखने को मैंने कहा."

"पिछले साल एक ने लिख के दिया था, मॅडम, बीज बिलकुल नहीं, सर्टिफाइड माल. मेरे गुलाब की चार हजार थैलियों में बबूल निकला! मजदूर लगा के एक-एक उखाड़ना पड़ा." त्यांनी पत्र वर धरलं. "अबके ग्यारह चिट्ठियाँ आयीं. सब की सब एक ही माँ की औलाद. सर्टिफाइड, बारा महीने, बीज नहीं. मैं फोन करके पूछा, कौन सी लॅब? सब चुप! एक यही चिट्ठी है जिसमें पूछने को कुछ बाकी नहीं रहा. तो मैं देखने आ गया."

पुखराज शेठ पुढं सरसावले. असे तसे ऐकणारे नव्हते ते. त्यांनी पत्र मागून घेतलं, नमनला समोर उभं केलं आणि एकेक ओळ त्याच्याकडून मराठीत वदवून घेतली. प्रत्येक ओळीला बायनाबाईला उलटा प्रश्न, आणि रामरावांकडं नजर, तुम्ही वस्तीवर तसंच पाहिलं का? अठरा ओळी झाल्या. व्हरांड्यात पोरांची दाटी झाली होती. एकही ओळ चुकली नव्हती.

"किती गोण्या घेणार?" शेठनी विचारलं.

"जितना है, सब. और अगले साल का भी मेरे नाम पे रखो."

बायनाबाईनं कमरेवर हात ठेवला. "सगळा न्हाई देनार. गावातल्या मोसंबीवाल्यांना दर साली देते, त्यांचा राखून ठिवीन. बाकीचा न्या."

रामराव खो खो हसले आणि त्यांनी तिला हात जोडले.

शेठनी पत्राची घडी घातली, ती नमनच्या खिशात ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते अण्णासाहेबांकडं वळले. "नोटीस फाडा. वर्ग चालूच राहील, अन् नुसता बी.कॉम.चा न्हाई, समद्या कॉलेजाचा." मग रितिकाकडं पाहून म्हणाले, "मी हरलो असं काही म्हणणार न्हाई, बेटा. तू जिंकली, एवढं म्हणतो."

व्हरांड्यात जो गलका उठला, तो गणपतीच्या देवळापर्यंत गेला असेल. पोरांनी छकुलीला उचलूनच घेतलं, आणि ती गप्प मुलगी "सोडा रे, पडन मी!" म्हणून गावभर ऐकू जाईल अशी ओरडत होती. रितिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. जिंकली होती ती, आणि तिला ते कुणापासून लपवायचं नव्हतं.

दहाची घंटा झाली. शनिवारचा तास होता. "चला, वर्गात," ती म्हणाली, आणि वर्गात शिरून पाहते तर बसायला जागाच उरली नव्हती.