आणखी एक जानकी

रीताला सकाळपासून एका जागी बसवेना. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि ही मात्र घरातून दारात, दारातून घरात. नणंद अजून फुलचूरहून आली नव्हती. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं, आणि या घरात ते ठरलेलंच होतं: जानकी.

त्या गावात जानकींचं पीकच होतं. चौकातून एक हाक मारली की चार घरांतून चार जणी ओ द्यायच्या. म्हणून मग चष्म्याची जानकी, गिरणीवाली जानकी. नणंदही जानकीच. सगळ्यांचं मूळ एक. पूर्वजांनी गावचा तलाव बांधला तेव्हा मातीची पहिली टोपली जानकी नावाच्या पोरीने वाहिली, आणि तलाव पहिल्यांदा भरला त्याच साली ती त्यात बुडाली. तेव्हापासून घरोघरी तिचं नाव. कौतुक उदंड, पण त्या नावाच्या एकीलाही तलावाच्या बांधावर पाऊल टाकू देत नसत. तलावाने पुन्हा जानकी मागितली तर?

रीताचं नावाशी भांडण नव्हतं. पण सगळी पोरं पाण्यात डुंबतील आणि आपली लेक उंबऱ्यात बसून राहील, हे तिला मान्य नव्हतं.

"आई, दुसरं कोणतंही नाव ठेवू ना," तिने सासूला पुन्हा विनवलं.

"काऊन?" कुंदाबाई उसळल्या. "माया पोरीले काय झालं त्या नावानं? जित्ती हाये ना?"

दारात स्कूटी थांबली. नणंद पाळण्याकडे निघाली तशी रीताने तिचा हात धरला. "ताई, जानकी नका ठेवू. पाया पडते तुमच्या."

नणंदेने हात सोडवून घेतला. वाकली, बाळाच्या कानाशी कितीतरी वेळ पुटपुटली आणि सरळ होत म्हणाली, "जानकी!"

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. रीताच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तेवढ्यात नणंदेने बाळाला उचललं आणि ती अंगणाबाहेर पडली.

"कुठं चालली वं?" कुंदाबाई धावल्या.

"तलावावर. हिले दाखवून आणतो."

"जानकी! मागं फीर!"

"माय, चाळीस वर्सं झाली, आपलाच तलाव मी दुरून पाहून रायली. हे नाव हिचं हाये, पण तुयं भेव हिचं नाही."

सगळ्या बायका मागोमाग निघाल्या. बांधाच्या पायथ्याशी मात्र नणंद थबकली. तिने बाळ रीताकडे दिलं. "रीता, हात धर माया. मले एकटीनं चढता नाही येत."

दोघी वर चढल्या. तलाव काठोकाठ भरला होता. नणंद पाण्याकडे बघत हुंदके देऊन रडू लागली, आणि रीताने तिचा हात आणखी घट्ट धरला.

खाली कुंदाबाई हाका मारतच होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या चष्म्याच्या जानकीने चपला काढल्या.