आंधळ्या सुनेसाठी दिवा

सुनेला जन्मापासून दिसत नव्हतं. घर यहुदी; शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम बंद, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. म्हणून नववा महिना लागल्यापासून सासूबाई दर शुक्रवारी दुपारीच तिची बॅग दाराशी ठेवत आणि खालच्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवत. त्या शुक्रवारी फक्त झोपायच्या खोलीतला दिवा लावून ठेवायचा राहिला, आणि अंधार पडताच सुनेला कळा सुरू झाल्या.

नवरा टॅक्सी बोलवायला पळाला. सून पलंगाची कड घट्ट धरून म्हणाली, "आई, दिवा लावा ना."

थोरला दीर दारातून म्हणाला, "शब्बाथला बटण दाबायचं? आणि हिला उजेडाचा काय उपयोग?"

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इतकी वर्षं धर्मशास्त्र शिकलास, की नुसती पानं उलटलीस? कळा देणारी बाई आंधळी असली तरी तिच्यासाठी दिवा लावावा, असं शास्त्रच सांगतं. मदत करणाऱ्यांना दिसतंय एवढं कळलं, तरी तिचा जीव थाऱ्यावर येतो. सरक बाजूला!"

त्यांनी बटण दाबलं, तेव्हा कुठे त्यांना ओली चादर दिसली. "पाणमोट फुटलीय गं. घाबरू नकोस, मी बघतेय."

सुनेने पलंग सोडून त्यांचा हात धरला.

तासाभरात दवाखान्यात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी शब्बाथ म्हणून दीर पायी चालत आला आणि आईला म्हणाला, "चुकलं माझं."

"मला काय सांगतोस?" सासूबाई अजून धुमसतच होत्या. "बोललास तिला. आत जा."